कात्र्या गाडीतच राहू द्या

छाटणीच्या दिवशी आत्याचं फाटक सकाळपासून सताड उघडं असायचं. यंदा त्याला साखळी होती, आणि साखळीच्या आतल्या बाजूला हाताची घडी घालून खुद्द आत्या उभी होती.

ताईनं गाडी बंद केली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरच्या नर्सरीत परत आली ती कायमचीच, आणि आता नर्सरी तीच चालवत होती. गिऱ्हाइकंसुद्धा तिला ताईच म्हणत. तिच्या शेजारी बाबा होते, ज्यांना सगळं शहर छाटणीवाले म्हणून ओळखायचं. मागे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. ही बाई प्राथमिक शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावरही शिकवायचं थांबत नसे, म्हणून सासरी तिचं नाव मास्तरीण पडलं होतं.

बाबा उतरले आणि सवयीनं मागचं दार उघडून कात्र्यांना हात घातला. गुडघे कुरकुरत होते, पण कात्री हातात आली की बाबांना वयाचा विसर पडे.

"बाळ, कात्र्या गाडीतच राहू द्या," आत्या म्हणाली. "माणसं तेवढी आत या."

आत्या बाबांहून मोठी. त्यांना बाळ म्हणणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलं होतं.

"म्हणजे काय, अक्का? आज छाटणी ना?"

"आज चहा आहे."

"चहा पिऊन मग..."

"चहा पिऊन मग बोलायचंय."

मास्तरीण चपलेकडे बघत होती. धाकट्यानं खिशातून मोबाइल काढला, काही नसताना पाहिला आणि परत ठेवला. या दोघांना काहीतरी ठाऊक होतं आणि आपल्याला नव्हतं, एवढं ताईला तेवढ्यात कळलं.

शहर जिथं संपतं आणि डोंगर सुरू होतो तिथं आत्याचं दोन खोल्यांचं घर, आणि घरामागे तिची राई. कवेत न मावणाऱ्या खोडांची जुनी झाडं, कुणी न लावलेली, आपली आपण उगवलेली. आत्यानं सरकारी बागेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि ही राई पोटच्या पोरीसारखी सांभाळली. तीत कुंपणपेरू शिरला.

कुंपणपेरू हे नाव बाबांनीच पाडलेलं. खरं तर ते लाल पेरूचं झुडूप: गुळगुळीत खोड, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं, सुपारीहून थोडी मोठी लाल आंबटगोड फळं. कुंपणाला असं झाड दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. बाबांनी निम्म्या शहराला ते लावून दिलं. शाळा, इस्पितळ, कचेऱ्या, बंगले, कुठलंही आवार घ्या. छाटून त्याच्या हिरव्या भिंती केल्या, गोळे केले, कमानी केल्या. लोक थांबून बघत. पाखरंही बघत होती. त्यांनी फळं खाल्ली आणि बिया डोंगरावर नेऊन टाकल्या.

राईत पहिली झुडपं दिसली तेव्हा बाबा चांगलेच ओशाळले होते. "आमचं कार्टं तुझ्या घरात घुसलं, अक्का. मी बघतो," म्हणाले, आणि लगेचच्या रविवारी कात्र्या घेऊन हजर झाले. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळा सरता सरता सगळं घर आत्याकडे छाटणीला यायचं. आई होती तोवर डबे यायचे, गाणी व्हायची. आई गेली, डबे गेले, छाटणी तेवढी राहिली.

आत्यानं सगळ्यांच्या हातात कप दिले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मी खाली यायचं ठरवलंय. धाकट्याकडे. नर्सरीमागच्या त्याच्या घरात वरची खोली रिकामीच आहे, रंगही दिलाय त्यानं."

"रंग दिलाय?" ताई भावाकडे वळली. "कधी?"

"झाला महिना."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"आत्यांनीच सांगू नका म्हटलं होतं," मास्तरीण मऊ आवाजात म्हणाली. वर्गात कुणी रडायच्या बेतात असलं की ती असा आवाज काढत असावी. "तुम्ही लगेच हातपाय आपटाल म्हणून."

"मी कधी हातपाय आपटले?"

"आत्ता आपटतेयस की," धाकटा म्हणाला.

बाबांनी कप खाली ठेवला. "आणि राई?"

"राई जाईल," आत्या म्हणाली. दूध नासलं म्हणून सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाली. "म्हणजे गेलीच आहे. मी नसले की कुणाला दिसणार नाही, एवढंच."

"असं कसं गेलीय? आम्ही येतो ना दरवर्षी." ताईचा आवाज चढला. "आता दोनदा येऊ. बॅटरीवरचं नवीन मशीन घेतलंय, आत्या, एका दिवसात अख्खा ओढ्याकाठ साफ करतं. तू फक्त राहा इथं. तुझ्याशिवाय या जागेला कोण आहे?"

"मशीन," आत्या म्हणाली. "चल, तुला काहीतरी दाखवते. तुम्ही बसा रे बाकीचे."

राईत ताई दरवर्षी येत होती, पण आज हात मोकळे होते. कात्री हातात असली की डोळे फांदीच्या टोकावर असतात, पलीकडचं दिसत नाही. आज तिला पहिल्यांदाच सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. कुंपणपेरूची खोडं इतकी दाट उभी होती की अंग आडवं करून जावं लागत होतं. वर चकचकीत पानं, खाली नुसती उघडी माती आणि सडलेल्या फळांचा आंबूस वास. लहानपणी इथं गुडघ्याएवढे नेचे होते, त्यांत ती आणि धाकटा लपायचे. आता लपायला मुंगीलाही पान उरलं नव्हतं.

थोडं पुढे एक जुनं झाड आडवं पडलं होतं. मुळांसकट उपसलेलं, मुळांना अजून माती.

"मागच्या महिन्यात गेलं," आत्या म्हणाली. "म्हातारं होतं, जायचंच होतं. त्याचं काही नाही गं. पण असं एखादं पडलं की खाली ऊन येतं, आणि त्या उन्हात त्याची पोरं वर येतात. तसंच चालत आलंय. शोध बरं त्याची पोरं."

ताई उकिडवी बसली. उन्हाच्या त्या तुकड्यात कोवळी, तांबूस पालवी नुसती उसळली होती. तिनं एकेक रोप बाजूला करून पाहिलं. कुंपणपेरू. हाही कुंपणपेरू. तिनं पडलेल्या खोडाला वळसा घालून पलीकडेही पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं.

"ताई, हे कापलं की काय होतं?"

"आत्या, काय गं."

"नाही, सांग. मी गिऱ्हाईक आहे असं समज. नवीन बंगला बांधलाय, चारी बाजूंनी कुंपण हवंय, नर्सरीत आलेय. बोल."

ताईला वाटलं आत्या थट्टा करतेय. पण आत्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. ती खरंच वाट बघत उभी होती.

"काही काळजी करू नका," ताईनं सुरुवात केली. आवाज आपोआप नर्सरीतला लागला. "हे झाड मरत नाही. पाण्याची कटकट नाही, सावलीतही येतं. कीड नाही, रोग नाही."

"पण विरळ राहिलं तर?"

"राहत नाही."

"दाट कसं करायचं?"

"कापत राहायचं."

"नीट सांग की. मला झाडांतलं कळत नाही."

"जितकं कापाल तितकं दाट होतं." ताईचा आवाज बसत चालला होता. "एका फांदीच्या चार होतात. अगदी बुडाशी कापलंत तर मुळांतून फुटतं, सगळीकडून. दोन-तीन छाटण्या झाल्या की आत मांजर शिरणार नाही."

"वा," आत्या म्हणाली. "छान सांगतेस."

ताई खाली मातीत बसली. हे वाक्य तिनं आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि दरवर्षी तीच ताई इथं येऊन, घामानं निथळत, हे झाड कापत होती. जाताना मागे वळून पाहायची तेव्हा राई कशी मोकळी दिसायची. पुढच्या वर्षी यायचं तर आणखी दाट. तरी तिला कधी, एकदाही, दोन गोष्टी जोडून पाहाव्याशा वाटल्या नव्हत्या. का पाहिल्या नव्हत्या तेही तिला कळत होतं. नातेवाइकाकडे आलेली ताई वेगळी होती आणि धंद्यातली ताई वेगळी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्याकडे पाहणंही नकोसं झालं.

"तू का नाही गं बोललीस?" ती शेवटी म्हणाली. "ओरडायचं होतंस. आम्हाला फाटकाबाहेर काढायचं होतंस."

"कुठल्या तोंडानं?" आत्या पडलेल्या खोडावर टेकली. "त्याला ते झाड मीच दिलंय."

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. तू पाळण्यात होतीस. कौलांच्या कारखान्यातनं काढलं होतं त्याला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवायला उठवावं लागायचं. तुझ्या आईला भीती वाटायची, हा काहीतरी करून घेईल. आमच्या बागेत तेव्हा हे नवीन आलं होतं, परक्या मुलखातनं. मी एक रोप ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. म्हटलं, हे लाव बाळ, हे मरत नाही. त्याला न मरणारं काहीतरी हवं होतं गं तेव्हा."

"थोरलं झाड," ताई म्हणाली.

"तेच. त्याच्यावर तो उभा राहिला. तुम्ही सगळे उभे राहिलात. पुढं डोंगर भरायला लागला, लोकांनी त्याला काय काय सुनावलं. पेपरात आलं. तो सगळ्यांना सांगत राहिला, एका फिरत्या रोपवाल्याकडून घेतलं म्हणून. माझं नाव त्यानं कधी ओठांवर येऊ दिलं नाही. आता मीच त्याला म्हणू, की उपट?"

मागे पाचोळा वाजला. बाबा आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांच्या मागे धाकटा आणि मास्तरीण, दोघांचे चेहरे पडलेले.

"बाबा," ताई उठली. तिला कुणावर तरी रागवायचं होतं आणि बाबा समोर होते. "तुम्हाला माहीत होतं. कापून काय होतं ते मला तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"मग का आणत होतात आम्हाला इथं दरवर्षी?"

बाबांनी सवयीनं जवळची एक फांदी धरली होती. ती त्यांनी सोडून दिली.

"काहीतरी करायला हवं होतं ना," ते म्हणाले. "उपटायला घेतलं असतं तर अक्काला वाटलं असतं, मी तिला दोष देतोय. तिनं मला मेलेल्यातनं उठवलं होतं. तिला कसं सांगू, की तुझ्या झाडानं तुझीच राई खाल्ली?"

"मला दिसत नव्हतं होय रे?" आत्या म्हणाली.

"दिसत होतं. म्हणून तर तू बोलशील म्हणून थांबलो."

"मी तू बोलशील म्हणून थांबले."

मग मास्तरीण एकदम फुटली.

"कमाल आहे हो तुमची! मोठी मोठी माणसं, आणि एकाला तोंड उघडता आलं नाही? माझ्या पहिलीतली पोरं एकमेकांची पेन्सिल मोडली तरी सांगून मोकळी होतात. इथं अख्खं जंगल गेलं तरी आपले शिष्टाचार चाललेत!" एवढं बोलून ती रडायला लागली, आणि आत्याच तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"मी थोरलं झाड काढतो," बाबा म्हणाले.

थोरलं झाड म्हणजे नर्सरीच्या दारावरची कमान. आत्यानं दिलेलं ते पहिलं रोप. बाबांनी ते वर्षानुवर्षं वळवून, बांधून, छाटून फाटकावरून नेलं होतं. नर्सरीची पाटी नसती तरी चाललं असतं, लोक पत्ता सांगताना कमानच सांगत. बाहेरून गुळगुळीत, काचेसारखी. आणि आतली बाजू मुद्दाम न छाटलेली, बियांसाठी.

"बाबा, घाई नको," धाकटा म्हणाला. बागा आखून द्यायचं काम त्याचं. गिऱ्हाइकाला नर्सरीत आणायचा तो त्या कमानीखालून, आणि तिथंच अर्धं काम व्हायचं. "कमान गेली तर आपल्याकडे दाखवायला राहिलं काय? शिवाय आत्या खाली येतेयच. तिला आता त्रास नाही."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला आता खोलीचा रंग समजला. "म्हणजे झाड हलवण्यापेक्षा आत्याला हलवणं सोपं, असंच ना?"

"तसं नाही."

"तसंच आहे. सरळ बोल की."

"बरं, तसंच आहे," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, निदान ती तरी सुखात राहील. आता एवढ्यानं मी वाईट का?"

तो वाईट नव्हता, हे ताईलाही कळत होतं.

"अक्का, मी ते मुळापासून काढतो," बाबांनी पुन्हा म्हटलं. "उद्या. मग राहशील तू इथं?"

"एका झाडानं काय होणार, बाळ?"

"एका झाडानंच झालं ना सगळं."

आत्यानं त्या उन्हाच्या तुकड्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं मी रोज सकाळी रोपं उपटत होते," ती म्हणाली. "एवढी एवढी असताना हातानं निघतात. पण मी दहा उपटायची, पाखरं शंभर टाकायची. वरून पडायचं थांबलं तर मी उपटेन रे. अजून उपटेन. हात चांगले आहेत माझे." मग ती उठली. "काढ. मी बघायला येते. मग काय ते सांगते."

धाकट्यानं तोवर तिची पेटी गाडीत चढवून ठेवलीच होती. "उतरवू का?" त्यानं चाचरत विचारलं.

"असू दे. उद्या बघू, वर यायची की खाली उतरायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली करवत बाबांनीच लावली. कमान इतकी जुनी होती की ती एकदम पडली नाही. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्या तुकड्या-तुकड्यानं सोडवाव्या लागल्या. मग खाली मुळं. कुंपणपेरूचं मूळ बोटभर राहिलं तरी फुटतं, म्हणून ताईनं खड्डा रुंद घ्यायला लावला. धाकटा आधी लांब उभा राहून तोंड वाकडं करत होता. बाबांचा हात पहारीवरून दोनदा सटकला तेव्हा त्यानं पहार हातातून घेतली, आणि मग दुपारपर्यंत खाली ठेवली नाही. मास्तरीण शाळेला दांडी मारून आली होती आणि मुळांचे तुकडे वेचत होती. सांडलेला एकेक मणी शोधावा तशी वेचत होती.

ताईनं मागच्या शेडमधले वाफे रिकामे केले. विक्रीला तयार असलेली सगळी कुंपणपेरूची रोपं, अगदी छोट्या पिशव्यांतली सुद्धा, तिनं काळ्या प्लास्टिकमध्ये गच्च बांधून उन्हात ठेवली, आत शिजून मरावीत म्हणून. रोप मारायची तिला सवय नव्हती.

आत्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसली होती. शेजारी गाडी, गाडीत तिची पेटी. खड्डा वाढत गेला तशी तिची जीभ मोकळी झाली. "तिकडे बघ, तिकडे एक मूळ भिंतीखाली गेलंय. अरे, ओढू नकोस, खोद. धाकट्या, तुझ्या बापानं तुला शिकवलं तरी काय?" बाबा हसायला लागले. त्यांना असं हसताना ताईनं आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

शेवटचा बुंधा निघाला तेव्हा फाटक उघडंबोडकं दिसलं, आणि त्यातून रस्ता सरळ दिसायला लागला. बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. "झालं, अक्का," ते म्हणाले.

"झालं," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "चांगला काढलास."

"चहा घेऊ, आणि मग तुला वर सोडते," ताई म्हणाली. आत्या नाही म्हणाली नाही. उलट तिनं विचारलं, घरात हातमोज्यांची जाड जोडी आहे का, काट्याकुट्यात लागेल. ताईला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांचं निस्तरता येईल, उशिरा का होईना निस्तरता येईल, असं तिला खरोखर वाटलं.

समोरच्या बंगल्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्यात बाहेर आल्या.

"अगंबाई, छाटणीवाले! कमान कुठं गेली?"

"काढली," बाबा म्हणाले.

"अरेरे! इतकी सुरेख. मग त्या फांद्या टाकू नका हं, मला द्या. मागच्या बाजूला लावीन. लागतात ना हो फांद्यांपासून?"

"लागतात. पण द्यायच्या नाहीत."

डॉक्टरीणबाई हसल्या. बाबांनी झाड मागणाऱ्याला नाही म्हटलं असं त्यांनी कधी ऐकलं नसावं. बाबा उठले, माती झटकत रस्ता ओलांडून त्यांच्या फाटकाशी गेले. तिथं दोन्ही बाजूंना त्यांनीच वाढवलेली हिरवी भिंत होती, छातीएवढी, दोरी लावल्यासारखी सरळ.

"डॉक्टर, तुमचंही काढायचंय. आम्हीच काढून देतो. दुसरं काहीतरी लावून देऊ, चांगलं."

"माझं? का बरं? मस्त तर आहे. तुम्हीच म्हणाला होतात, आयुष्यभर पुरेल."

"म्हणालो होतो खरं."

"मग?"

"याच्या बिया वर डोंगरावर जातात. तिथली जुनी झाडं..."

"डोंगरावर मी कुठं जाते हो?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात जराही दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच ते दिसत नव्हतं. "राहू द्या. शोभा आहे ती घराची. आणि या आठवड्यात छाटायला मात्र या हं, जरा वाढलंय बघा." त्या आत गेल्या.

बाबा शेजारच्या फाटकाशी गेले. तिथून त्याच्या शेजारच्या. ताईला रस्त्याच्या या बाजूनं शब्द ऐकू येत नव्हते, पण माना हलताना दिसत होत्या. सगळ्यांनी त्यांना मान दिला. कुणी पाणी आणलं, कुणी बसा म्हटलं. एकानं विचार करतो म्हणून सांगितलं आणि फाटक लावून घेतलं. ताईची नजर रस्त्यावरून लांबवर गेली. दोन्ही बाजूंना, वळणापर्यंत, हिरव्यागार चकचकीत भिंती. सगळ्या नीट छाटलेल्या, सगळ्या बाबांच्या हातच्या. प्रत्येक भिंतीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला लाल फळं असणार, हे तिला न बघता ठाऊक होतं.

"ऐकतील गं आत्या," ती म्हणाली. "एकदम कोण ऐकतं? आपण सांगत राहू. मी रोज दोन घरी जाईन."

"जा," आत्या म्हणाली. "सांगायला हवंच."

तीही रस्त्याकडेच बघत होती. मग तिनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि खुर्चीतून उठली.

"धाकट्या, पेटी उतरव रे. वरच्या खोलीत नेऊन ठेव."

"आत्या, तू म्हणाली होतीस ना, बघू म्हणून," ताई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, आणि ते तिला आवरता आलं नाही.

"बघितलं की," आत्या म्हणाली, आणि तिनं ताईच्या गालावरची माती पुसली.

पेटी जड होती. एका बाजूची कडी धाकट्यानं धरली, दुसरी ताईनं. ती रस्त्यावर उतरवताना खडखडाट झाला. पलीकडे, चौथ्या की पाचव्या फाटकाशी, बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांना पेटी दिसली. ते क्षणभर तसेच थांबले, बेलवर बोट ठेवून. मग त्यांनी बेल दाबली.